सावत्र आई आणि उत्क्रांतीचा हिशेब

एखाद्या जिल्ह्याच्या वाट्याला निधी कमी आला की ‘सापत्नभावाची वागणूक’ हा शब्दप्रयोग वृत्तपत्रांत हमखास उमटतो. सावत्र आईची ही अपकीर्ती लोककथांची देणगी आहे. फ्रान्समध्ये पेरोने १६९७ साली सिंड्रेलेची कथा छापली, त्यापूर्वीही ती अनेक देशांत निराळ्या नावांनी सांगितली जात होती.

मार्टिन डेली व मार्गो विल्सन या कॅनडातील मानसशास्त्रज्ञ दांपत्याने या कथांमागे उत्क्रांतीचा हिशेब पाहिला. हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाने १९६४ साली मांडलेले सूत्र अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास परिचितच वाटेल. त्यागाचा खर्च, दुसऱ्यास होणारा लाभ आणि रक्ताच्या नात्याची जवळीक यांचे गणित जुळले, तरच त्यागाची प्रवृत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. सावत्र अपत्यावरील खर्चात ती जवळीकच नसते. कॅनडातील नोंदींत पाच वर्षांखालील बालके सावत्र बापाच्या मारहाणीने दगावण्याचे प्रमाण सख्ख्या बापाच्या तुलनेत शंभरपटींहून अधिक आढळले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासात मात्र असा फरक दिसला नाही, आणि त्यावरून बराच वाद झाला.

परंतु खरी अडचण वेगळीच आहे. आकडे सावत्र बापाचे आहेत, कथा मात्र सावत्र आईची! कथेतला बाप बहुधा भोळा, नाहीतर गप्प. याचे उत्तर जीवशास्त्रापेक्षा इतिहासात शोधणे बरे. जुन्या युरोपात बाळंतपणात स्त्रिया मोठ्या संख्येने दगावत, विधुर पुन्हा लग्न करीत, आणि जमिनीचा तोच तुकडा दोन आयांच्या मुलांत वाटावा लागे. आपल्याकडील ध्रुवाच्या कथेत तर सख्खी आई सुनीती हयातच आहे. तेथे सुरुची ही सवत आहे आणि प्रश्न सिंहासनाचा आहे. ‘सापत्न’ या शब्दाचे मूळही सवतीतच आहे.

ग्रिम बंधूंच्या संग्रहाची साक्ष याहून बोलकी आहे. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. १८१९ मध्ये संपादकांनी तिला सावत्र केले. मातृत्वाची प्रतिष्ठा राखण्याची काळजी लोकांपेक्षा संपादकांनाच अधिक होती, असे म्हणणे भाग आहे. मग छापील कथांतील सावत्र आयांची गणती करून मानवी स्वभावाचे निष्कर्ष काढणाऱ्याने आधी आवृत्ती कोणती, हे पाहावयास नको काय?

हान्सेल व ग्रेटेल यांच्या कथेतही १८४० मध्ये तोच बदल झाला. घरात चार तोंडे आणि अपुरी भाकरी, हा तिचा आरंभ मात्र कोणी बदलला नाही. मुलांना रानात सोडण्याची कल्पना आई मांडते आणि लाकूडतोड्या बाप कुरकुरत का होईना, मान डोलावतो. अखेरीस मुले चेटकिणीच्या घरातील मोती-रत्ने घेऊन परततात, तोवर ती स्त्री मेलेली असते. कशाने, ते कथाकार सांगत नाही.