शरणपूरचा जेकब आणि बांग्वेउलूचा पाऊस

अंबडच्या काळ्या रानात आषाढात चालायचं तर चपला हातात घ्याव्या लागतात. माती तळव्याला धरते आणि चार पावलांत पाय उचलेनासा होतो. अर्थात पाऊस आला तर! मराठवाड्याचा निम्मा पावसाळा आभाळाकडे बघण्यातच जातो. आफ्रिकेतल्या मिशनऱ्यांच्या पावसाळ्याचं वेड मला लागलं ते बहुधा या हेव्यापोटीच.

सुरुवात घरच्या माणसापासून झाली. जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे रेव्ह. नारायण शेषाद्री यांच्या मागावर मी होतो. ते ज्या स्कॉटिश मिशनचे, त्याचे मुंबईतले धुरीण डॉ. जॉन विल्सन. या विल्सनांच्या गावात जून १८६४ मध्ये आफ्रिकेत फिरणारा मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन येऊन धडकला. ‘लेडी न्यासा’ ही छोटी आगबोट घेऊन झांझिबारहून पंचेचाळीस दिवसांत, मान्सून फुटायच्या तोंडावर. सोबतच्या चुमा आणि विकातानी या दोन आफ्रिकी पोरांना त्यानं विल्सनांच्या शाळेत ठेवलं. शेषाद्री जालन्यातच राहिले, मी त्या पोरांमागे आफ्रिकेला गेलो.

स्टॅन्लेची भेट, नाईलच्या उगमाचा ध्यास, हे सगळं वाचकांना ठाऊकच आहे. मी अडकलो तो १८७३ च्या पावसात. आजच्या झांबियातल्या बांग्वेउलू सरोवराकडे पाऊस नोव्हेंबरात लागतो आणि एप्रिलपर्यंत हलत नाही. पूर चढला की काठ कुठला आणि सरोवर कुठलं हे कळत नाही. आभाळ झाकलेलं, त्यामुळे ताऱ्यांवरून ठिकाण काढण्याचीही सोय नाही. खोल पाण्यातून साठीच्या, आजारी लिव्हिंग्स्टनला सोबती खांद्यावर घेऊन जात. एक दमला की दुसरा पुढे होई. औषधांची पेटी १८६७ मध्येच पळून गेलेल्या हमालांसोबत गेली होती, आणि आता रक्ती आवेनं त्याला पोखरलं होतं. शेवटी डोली करावी लागली. १ मेच्या पहाटे चितांबोच्या गावी, पावसासाठी शाकारलेल्या झोपडीत, तो बिछान्याशी गुडघे टेकलेल्या स्थितीत मेलेला आढळला.

पुस्तकं इथं हळवी होतात आणि पुढचं भराभर उरकतात. मला पुढचंच मोलाचं वाटतं, कारण पुढे येतो जेकब वेनराइट.

नाशिकचा शरणपूर रोड सगळ्यांच्या ओळखीचा. ते शरणपूर म्हणजे रेव्ह. विल्यम प्राइस यांनी १८५४ मध्ये वसवलेली मिशनची वसाहत. गुलामांच्या जहाजांवरून इंग्रज आरमारानं सोडवलेली आफ्रिकी मुलं इथं आणली जात. सुतारकी, लोहारकी आणि अक्षर ही तिथली शिदोरी. याओ जमातीचा जेकब त्यांतलाच. १८७२ मध्ये तो आणि शरणपूरचेच आणखी पाच जण लिव्हिंग्स्टनच्या मदतीला आफ्रिकेत गेले. म्हणजे त्या पावसात नाशिकचे पावसाळे पाहिलेली माणसं चालत होती!

मालक गेल्यावर पेट्या उघडल्या, तेव्हा आतल्या चीजवस्तूंची यादी जेकबनं लिहिली, लिव्हिंग्स्टनच्याच वहीत. काळीज आणि आतडी पत्र्याच्या डब्यात घालून म्वुला झाडाखाली पुरली, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थनाही त्यानंच वाचली. देह मीठ लावून दोन आठवडे वाळवला, सालीच्या नळकांड्यात घातला, वरून कापड शिवलं आणि डांबर फासलं. मग नऊ महिने चालून सगळे बागामोयोला पोचले. वाटेत माणसं गेली, कागद मात्र शाबूत राहिले. हमाल आणि वही दोघंही भिजणार, तेव्हा आधी वही झाकायची, ही शिस्त कुणी शिकवली असेल?

देहासोबत विलायतेला गेला तो जेकबच. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अॅबीत शवपेटीच्या मानकऱ्यांत तो होता. तरीही होरेस वॉलरनं लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या रोजनिशा छापायला घेतल्या तेव्हा गाळलेल्या जागा भरायला लिव्हिंग्स्टनचा जुना सोबती सुसी आणि विल्सनांच्या शाळेतला तोच चुमा लागले. जेकबबद्दल वॉलरचं मत काही बरं नव्हतं. मला यात नवल वाटत नाही. ओझं वाहणाऱ्याचं कौतुक सोपं असतं. ओझं वाहून वर स्वतःची रोजनिशी लिहिणारा माणूस जरा अडचणीचा ठरतो. १८९२ मध्ये आजच्या टांझानियातल्या उरांबोला जेकब वारला. त्याच्या रोजनिशीचं मूळ हस्तलिखित स्कॉटलंडला, लिव्हिंग्स्टनच्या जन्मस्थानी असलेल्या संग्रहालयात आहे.

वेस्टमिन्स्टरच्या शिळेवर देह आणणाऱ्या विश्वासू हातांचा उल्लेख आहे, नावं नाहीत. म्वुला झाडाचं खोड पुढे १८९९ मध्ये तोडलं, आणि कोरलेला भाग लंडनला नेला. त्यावर लिव्हिंग्स्टन, ४ मे १८७३ ही तारीख आणि तीन म्होरक्यांची नावं आहेत. कोरणारा जेकब. स्वतःचं नाव त्यानं कोरलं नाही.

त्याच्या रोजनिशीची पहिली तारीखही ४ मेच आहे.