ठेवींच्या तक्त्यातील मर्यादेपलीकडचे आकडे

भिलाई पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. त्यानंतर विदर्भातून अनेक मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त येथे आली व टाउनशिपमधील सेक्टरांमध्ये स्थिरावली. यांपैकी जे निवृत्त होतात त्यांच्या हाती भविष्य निर्वाह निधी आणि उपदान यांची मोठी रक्कम एकाच वेळी येते. ही रक्कम निरनिराळ्या बँकांत विभागून ठेवली जाते आणि पावत्यांची नोंद हल्ली वहीऐवजी संगणकावरील एक्सेलच्या तक्त्यात होते. पुणे किंवा बंगळुरू येथे राहणाऱ्या मुलामुलींना तो तक्ता पाठविणेही सोयीचे जाते.

नवी ठेव ठेवण्याची वेळ आली की प्रश्न उभा राहतो : कोणत्या बँकेतील आपली रक्कम ठेव विम्याच्या मर्यादेपुढे गेली आहे? ठेव विमा योजना 1 जानेवारी 1962 पासून अस्तित्वात आली, तेव्हा मर्यादा अवघी 1,500 रुपये होती. 1993 मध्ये ती 1 लाख झाली आणि 4 फेब्रुवारी 2020 पासून 5 लाख. (भिलाईकरांना ही तारीख लक्षात ठेवणे सोपे जावे!) विम्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदारास काही द्यावे लागत नाही.

तक्त्यातून 5 लाखांहून मोठे आकडे वेगळे काढणे वरकरणी अगदी सोपे आहे. रकमांचा स्तंभ निवडून ‘होम’ या पट्टीतील ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’मध्ये जावे, ‘हायलाइट सेल्स रूल्स’ व नंतर ‘ग्रेटर दॅन’ निवडून 500000 हा आकडा भरावा. मर्यादेबाहेरचे सेल रंगून दिसतात. केवळ तेच पाहावयाचे असल्यास ‘डेटा’ पट्टीतील ‘फिल्टर’ लावून ‘नंबर फिल्टर्स’मधील ‘ग्रेटर दॅन’ हा पर्याय घ्यावा. एवढे अर्ध्या मिनिटाचे काम आहे. मात्र उत्तर बरोबर येईल की नाही, हे त्या सेलमध्ये नेमका कोणता आकडा लिहिला आहे यावर ठरते.

उदाहरणादाखल एक तक्ता कल्पावा. पहिल्या बँकेच्या सिव्हिक सेंटर शाखेत 3,00,000 व तिच्याच दुर्ग शाखेत 2,50,000. दुसऱ्या बँकेत एक वर्षासाठी 7 टक्क्यांनी 4,80,000. तिसऱ्या बँकेत 6,00,000. आणि एका पतसंस्थेत 2,00,000. या तक्त्यावर फिल्टर लावल्यास एकच ओळ पुढे येते, 6,00,000 ची. परंतु विमा पावतीगणिक नसून बँकेगणिक असतो आणि एका बँकेच्या सर्व शाखांतील रक्कम एकत्र धरली जाते. म्हणजे पहिल्या बँकेतील 5,50,000 हेही मर्यादेबाहेरच. शिवाय मर्यादेत मुद्दल व व्याज दोन्ही मोजले जातात. दुसऱ्या बँकेतील 4,80,000 तिमाही चक्रवाढीने वर्षअखेर सुमारे 5,14,500 होतात. एका ओळीच्या तीन ओळी झाल्या.

यास्तव तुलना मुद्दलाच्या स्तंभावर न करता मुदतपूर्तीच्या रकमेच्या, बँकनिहाय बेरजेवर करावी. ही बेरीज ‘समइफ’ या सूत्राने होते (सूत्राचे नाव अर्थातच इंग्रजी अक्षरांत टंकावे). त्यासाठी बँकेचे नाव प्रत्येक ओळीत एकसारखे लिहिलेले हवे. एके ठिकाणी पूर्ण नाव व दुसरीकडे आद्याक्षरे असतील तर संगणक त्या दोन बँका समजेल. विलीन झालेल्या बँकांची नावेही बदलून घ्यावीत. देना बँक व विजया बँक 1 एप्रिल 2019 रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. जुन्या पावतीवर काहीही छापलेले असो, बेरीज एकाच नावाखाली व्हावयास हवी. ठेव कोणाच्या नावे आहे याचाही स्वतंत्र स्तंभ ठेवावा, कारण एकट्याच्या नावावरील ठेव व पतिपत्नींची संयुक्त ठेव यांना वेगवेगळे संरक्षण मिळते.

पतसंस्थेच्या ओळीकडे विशेष लक्ष द्यावे. 2,00,000 हा आकडा कोणत्याही फिल्टरमध्ये अडकत नाही व तक्ता पाहणाऱ्यास ती ठेव निर्धास्त वाटते. वस्तुतः ठेव विमा सहकारी बँकांना लागू आहे, पतसंस्थांना नाही. तेथे मर्यादा पाच लाख नसून शून्य आहे. याउलट टपाल खात्यातील अल्पबचतीस केंद्र शासनाची हमी असल्याने तिला ही मर्यादा लावण्याचे कारण नाही. या दोन्ही प्रकारांच्या ओळी तुलनेपूर्वीच वेगळ्या काढाव्यात.

आणखी एक घोटाळा वारंवार होतो. बँकेच्या खातेउताऱ्यातून उचललेल्या आकड्यापुढे ‘सीआर’ ही अक्षरे आली की एक्सेल त्यास संख्या न मानता मजकूर मानते. असा सेल 40,000 चा असला तरी ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’ त्याला रंगविते, कारण एक्सेलच्या क्रमवारीत मजकूर कोणत्याही संख्येहून मोठा. आणि तो 9 लाखांचा असला तरी संख्यांचा फिल्टर त्यास वगळतो. मुद्दाम मांडणी बदलली नसेल तर खरी संख्या सेलच्या उजव्या कडेस व मजकूर डाव्या कडेस दिसतो, एवढी खूण पुरेशी आहे.

आता काढून टाकण्याविषयी. जेथे अद्याप वाव आहे अशाच बँकांची यादी हवी असल्यास मोठे आकडे वगळावे लागतात. सेल निवडून कळफलकावरील ‘डिलीट’ कळ दाबली तर आकडा पुसला जातो, चौकट जागेवर राहते. उजव्या क्लिकने येणारा ‘डिलीट’ मात्र चौकटच काढतो आणि ‘शिफ्ट सेल्स अप’ घेतल्यास खालचे आकडे वर सरकतात. बँकांची नावे जागीच राहिल्याने एका बँकेची रक्कम दुसरीच्या नावापुढे जाते. एकूण बेरीज पाहून हे उमगतही नाही. म्हणून काढावयाची असल्यास पूर्ण ओळ काढावी, आणि तीही मूळ तक्त्यातून नव्हे. पानाच्या नावावर उजवी क्लिक करून ‘मूव्ह ऑर कॉपी’मध्ये ‘क्रिएट अ कॉपी’वर खूण केली की प्रत तयार होते, सर्व काटछाट त्या प्रतीवर करावी.

मुलांकडे पाठवावयाचा तो मूळ तक्ताच. नवी ठेव कोठे ठेवावी यासाठी ज्या ओळी अनावश्यक ठरल्या, त्याच कुटुंबाच्या सर्वांत मोठ्या ठेवींच्या असतात. ठेवीदाराच्या पश्चात वारस काटछाट केलेली प्रत हाती घेऊन बँकेत आले, तर 6 लाखांच्या पावतीची चौकशी करण्याचे त्यांना सुचणारही नाही. प्रत्येक ओळीत नामनिर्देशन केले आहे किंवा नाही याचा एक स्तंभ वाढविल्यास तोच तक्ता अधिक उपयोगी पडतो.