पाणनिवळी कोणाची कोण?

पाण्यातले सहापायी : लेखांक ७

मागच्या दोन लेखांकांत आपण पाण्याच्या आत राहणारे ढेकूणवर्गीय कीटक पाहिले: पाठीवर अंड्यांचा थर वागवणारे नर पाणढेकूण आणि उताणे पोहणारे त्यांचे भाईबंद. आज पाण्याच्या पृष्ठभागावर यायचे आहे, पाणनिवळीकडे.

पाणनिवळी कधीच न पाहिलेला माणूस विरळा. विहिरीत, देवळाच्या कुंडात, ओढ्याच्या डोहात, भाताच्या खाचरात, जिथे म्हणून पाणी जरा थांबते तिथे ती असते. तरीही ही नेमकी कोण असे विचारले, तर पुष्कळ जण ‘पाण्यावरचा कोळी’ म्हणून मोकळे होतात. या गैरसमजाला कारण आहे. तिचे पुढचे दोन पाय आखूड असतात आणि भक्ष्य धरण्यासाठी ती ते डोक्याखाली आवळून ठेवते. पाण्यावर पसरलेले दिसतात ते मधले आणि मागचे असे चारच लांबलचक पाय. पण नीट पाहिले तर पाय सहा भरतात आणि डोक्यावर चार-चार पेरांच्या दोन शृंगिका दिसतात. कोळ्याला पाय आठ, आणि शृंगिका मुळीच नाहीत. तेव्हा पाणनिवळी कीटकच. पण कीटकांमध्ये तिचे गोत कोणते?

कार्ल लिनियसने १७५८ साली ‘सिस्टेमा नॅचुरी’च्या दहाव्या आवृत्तीत युरोपातल्या तळ्यांवरच्या पाणनिवळीला नाव दिले ते सायमेक्स लॅकस्ट्रिस. त्याच ग्रंथात खाटेतल्या ढेकणाचे नाव आहे सायमेक्स लेक्ट्युलेरियस. दोघे एकाच प्रजातीत! आज ही जोडी विचित्र वाटते, पण लिनियसने जे पाहिले ते बरोबर पाहिले होते. दोघांनाही चावायचे जबडे नाहीत. आहे ती खुपसून शोषण्याची सोंड. ढेकूण रक्त ओढतो. पाणनिवळी पाण्यावर पडलेल्या माशी-मुंगीच्या अंगात सोंड खुपसते, पाचक रस सोडते आणि आतले विरघळलेले द्रव्य शोषून घेते. कपाशीवरचे लाल ढेकूण आणि भाताच्या लोंबीतला चीक ओढणारा ढेकण्याही याच गोतातले. आजच्या भाषेत हे सगळे हेमिप्टेरा गणातल्या हेटेरॉप्टेरा उपगणात येतात. १७९४ मध्ये फॅब्रिशियसने पाणनिवळ्यांसाठी जेरिस ही वेगळी प्रजाती केली, १८१५ मध्ये लीचने जेरिडी हे कुल मांडले, आणि खाटेवरच्या ढेकणाशी असलेले पाणनिवळीचे नाते दूरचे ठरले. तुटले मात्र नाही.

पुढचा प्रश्न अवघड होता. पाण्याच्या आत राहणारे ढेकूण आणि पाण्यावर राहणारे ढेकूण एकमेकांचे सख्खे की चुलत? १८३३ मध्ये लेऑं द्युफूर या फ्रेंच वैद्याने ढेकूणवर्गाचे तीन भाग पाडले: जमिनीवरचे, पाण्यातले आणि या दोहोंच्या सीमेवरचे. पाणनिवळी तिसऱ्या भागात गेली. आतल्या ढेकणांच्या शृंगिका आखूड आणि डोळ्यांखाली लपलेल्या असतात. पाणनिवळीच्या लांब आणि उघड्या. द्युफूरने राहण्याच्या जागेवरून केलेली ही विभागणी शरीररचनेच्या कसोटीवरही बरीचशी टिकली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्या तिसऱ्या भागाला १९७१ मध्ये पोपोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने जेरोमॉर्फा असे नाव दिले. या गटाची एक खूण साध्या डोळ्यांना दिसत नाही: डोक्यावर खोलगट खड्ड्यांत रुजलेल्या संवेदनशील केसांच्या निदान तीन जोड्या. पाणनिवळीपासून किनाऱ्याच्या ओल्या शेवाळात फिरणाऱ्या तिच्या इवल्या नातेवाइकांपर्यंत सगळ्यांच्या डोक्यावर ही खूण सापडते.

जेरोमॉर्फाची घडी ज्याने बसवली तो माणूस म्हणजे कोपनहेगनच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयातला नील्स म्योलर आंडरसन. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा ग्रंथ आजही या विषयाचा पाया आहे. आंडरसनने नुसती कुले मांडली नाहीत, तर ती एकमेकांतून कशी निघाली असावीत याचा माग काढला. त्याच्या मांडणीप्रमाणे या सगळ्यांचे पूर्वज पाण्यावर नव्हे, तर काठच्या ओलसर जमिनीवर राहत. तिथून काही जण तरंगत्या पानांवर आले, काही पाण्याच्या कडेला चालू लागले आणि अगदी थोडे मोकळ्या पाण्यावर गेले. जेरोमॉर्फाची परंपरेने आठ कुले मानली जातात. ती या वाटेवर ठेवून पाहिली की वर्गीकरण पाठ करावे लागत नाही.

मेसोव्हेलिइडी कुलातले हिरवट, चिमुकले कीटक कमळाच्या पानांच्या कडेला, टिकलीच्या शेवाळावर दिसतात. ते पाण्यावर चालतात, पण जमिनीवर कीटक चालतो तसेच: एका बाजूचे दोन पाय आणि दुसऱ्या बाजूचा एक, आळीपाळीने. हायड्रोमेट्रिडी कुलातले कीटक काडीसारखे बारीक, डोके इतके लांब की डोळे त्याच्या जवळजवळ मध्यावर. तेही सावकाश पावले टाकत काठाकाठाने हिंडतात आणि पृष्ठभागाखाली श्वास घ्यायला आलेल्या डासाच्या अळीला वरूनच सोंड टोचतात. या दोन्ही कुलांत पायाच्या नख्या पावलाच्या टोकाशी असतात.

व्हेलिइडी आणि जेरिडी या कुलांकडे आले की ती नखी सरकते. टोकावर न राहता ती पावलाच्या टोकाआधी, थोडी मागे बसते. कारण पाण्याच्या पृष्ठभागाला ताण असतो आणि त्यावर उभे राहायचे तर तो भेदला जाता कामा नये. टोकाची नखी पाण्यात घुसली असती. मागे सरकलेली नखी वेळप्रसंगी पाणी धरायलाही उपयोगी पडते. काठाशी पाणी गवताला चिकटून जरा वर चढलेले असते. त्या निसरड्या चढावर वल्ही मारून काही चढता येत नाही. २००५ मध्ये डेव्हिड हू आणि जॉन बुश यांनी दाखवले की मेसोव्हेलिया आणि मायक्रोव्हेलिया यांसारखे छोटे कीटक नख्यांनी पाण्याचा पृष्ठभाग वर ओढतात आणि त्यातून निर्माण होणाऱ्या बलाने, पाय न हलवता, काठाकडे खेचले जातात.

पाण्यावर उभे राहण्यामागे पायावरच्या केसांचे काम आहे. बीजिंगमधल्या शुएफेंग गाओ आणि लेइ जिआंग यांनी २००४ मध्ये मोजले, तेव्हा पाणनिवळीच्या पायाचा पाण्याशी होणारा स्पर्शकोन (तो जितका मोठा, तितके पाणी पायाला कमी चिकटते) १६७ अंशांहून अधिक भरला. पायावर सुईसारखे सूक्ष्म केस दाट बसलेले, त्या केसांवर आणखी बारीक खोबणी आणि त्यांत अडकलेली हवा. एकटा पाय तिच्या वजनाच्या सुमारे पंधरापट भार पाण्यात न बुडता पेलू शकतो.

आता व्हेलिइडी आणि जेरिडी यांतला फरक. दोघांची गल्लत नेहमी होते, आणि मला स्वतःला वर्गीकरणातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. पाणनिवळीला, म्हणजे जेरिडीला, उलटी धरून भिंगातून पाहा. मधल्या पायांचा उगम पुढच्या पायांपासून दूर आणि मागच्या पायांना लगटून असतो. छातीचा मधला भाग लांबला आणि पाय मागे गेले. त्यामुळे मधले दोन्ही पाय एकाच वेळी मागे रेटता येतात आणि मागचे पाय दिशा सांभाळतात. ही चाल नाही, हे वल्हवणे आहे. मागच्या पायाची मांडीही इतकी लांब की ती पोटाच्या टोकापलीकडे जाते. व्हेलिइडीत तिन्ही जोड्यांमधले अंतर साधारण सारखे, मांडी सहसा पोटाच्या टोकापर्यंतच, आणि डोक्याच्या माथ्यावर मधोमध एक उभी खाच. म्हणून मांडी आणि माथा या दोन जागा पाहिल्या की बहुतेक वेळा उत्तर मिळते.

बहुतेक वेळा, नेहमी नव्हे. व्हेलिइडीतल्या रॅगोव्हेलिया या प्रजातीने वाहत्या पाण्यावर वल्हवण्याची आपली वेगळी युक्ती काढली. मधल्या पायाच्या टोकाशी पिसासारखा पंखा आहे, तो ती पाण्यात उघडते आणि मिटते. फ्रान्समधल्या अब्देर्रहमान खिला यांच्या गटाने २०१७ मध्ये या पंख्यामागे फक्त याच प्रजातीत आढळणाऱ्या एका जनुकाचा हात असल्याचे दाखवले. डीएनएच्या आधारे केलेल्या अलीकडच्या अभ्यासांनी तर व्हेलिइडी हे एकसंध कुल आहे का, यावरच प्रश्नचिन्ह लावले आहे. जेरिडीची एकजूट मात्र त्या मानाने भक्कम राहिली आहे.

जेरिडी कुलात सातशेहून अधिक जाती आणि आठ उपकुले आहेत. सगळी सांगण्यात अर्थ नाही, चार सांगतो. तळ्या-डबक्यांवरच्या ओळखीच्या पाणनिवळ्या बहुतेक जेरिनी उपकुलातल्या. टायलोमेरिनीतली टायलोमेरा ही मोठी, दणकट पाणनिवळी खळाळत्या ओढ्यांवर राहते आणि सह्याद्रीच्या रांगेतही आहे. रॅगाडोटार्सिनी उपकुलातले नर पाय हलवून पाण्यावर तरंग उठवतात आणि त्या तरंगांनी मादीला बोलावतात. स्टिम्सन विलकॉक्स यांनी हे १९७२ मध्ये नोंदवले. पुढे १९७९ मध्ये त्यांनी दुसऱ्या एका जातीच्या मादीच्या पायाला इवलासा चुंबक चिकटवून नराचे तरंग तिच्याकडून उठवले, तेव्हा डोळे झाकलेल्या नरांनी तिला नर समजून सोडून दिले. त्या जातीला तेव्हा जेरिस रेमिजिस म्हणत. आज तिचे नाव अ‍ॅक्वेरियस रेमिजिस आहे. जात तीच, प्रजाती बदलली. जुने संदर्भ वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

चौथे उपकुल हॅलोबॅटिनी. यातल्या हॅलोबॅटिस या प्रजातीने असे काही साधले आहे जे दुसऱ्या कुठल्याही कीटकाला जमलेले नाही: तिच्या पाच जाती खुल्या महासागरावर जगतात. ‘रूरिक’ जहाजावरून जगप्रवास करून आलेल्या एश्शोल्ट्झने १८२२ मध्ये ही प्रजाती वर्णिली. चाळीसहून अधिक जातींपैकी बाकीच्या किनाऱ्याजवळ, खारफुटीत, खाड्यांत राहतात. समुद्रावरच्या पाचांपैकी हॅलोबॅटिस मायकान्स आणि हॅलोबॅटिस जर्मानस या हिंदी महासागरात आहेत. पंख कोणालाच नाहीत. अंडी घालायला तरंगती वस्तू लागते: पीस, शिंपला, लाकूड. आता त्यात प्लॅस्टिकची भर पडली आहे. उत्तर प्रशांत महासागरात प्लॅस्टिकचे तुकडे वाढले तशी या कीटकांची अंडीही वाढल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. ही वाढ चांगली खूण आहे असे मी म्हणणार नाही.

पंखांनी वर्गीकरणकारांना पुष्कळ त्रास दिला आहे. एकाच जातीत, एकाच तळ्यावर, पूर्ण पंखांच्या, आखूड पंखांच्या आणि बिनपंखी पाणनिवळ्या असू शकतात. तळे आटणार असेल तर पंखवाल्या उडून जातात. पाणी कायमचे असेल तर पंखांचा खर्च वाचतो. बिनपंखी प्रौढ आणि पिल्लू यांत घोटाळा होतो, त्यावर उपाय पायातच आहे: पिल्लाच्या पावलाला एकच पेर, प्रौढाच्या पावलाला दोन. जातीची खात्री करायची तर बहुधा नराच्या पोटाचे शेवटचे खंड पाहावे लागतात.

भारतातल्या या कीटकांची पहिली मोठी नोंद डब्ल्यू. एल. डिस्टंट यांनी ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेतल्या आपल्या खंडांत केली. पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतले जी. थिरुमलै यांनी देशभरच्या पृष्ठवासी ढेकणांच्या याद्या नव्याने केल्या. आज पुण्या-मुंबईचा कुणी विद्यार्थी हा विषय हाती घेईल तर त्याला सुरुवात त्यांच्यापासूनच करावी लागेल.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पाणनिवळी दिसली म्हणजे पाणी स्वच्छ, असे नाही. ती हवेतला प्राणवायू घेते, म्हणून पाण्यातला प्राणवायू घटला तरी तग धरते. पण साबण आणि धुण्याची पावडर पृष्ठभागाचा ताण उतरवतात, तेल पायाच्या केसांतली हवा घालवते. फेसाळ नाल्यावर ती टिकत नाही.

पावसाळा सरता सरता जवळचे तळे किंवा ओढा गाठा. पाणनिवळी धरली तर एका पांढऱ्या बशीत पाणी घेऊन तिला पाहा, भिंगातून मधल्या पायांचा उगम आणि मागच्या मांडीची लांबी तपासा, आणि तिला त्याच पाण्यावर परत सोडा. पाणी वाहते होते की साचलेले, तेही लिहून ठेवा. उपकुलाचा अर्धा अंदाज तिथेच येतो. याच पाण्यावर गरगर फिरणारे काळे, चकचकीत भुंगेरे दिसले तर ते पाणनिवळीचे कोणी नव्हेत. त्यांच्याविषयी पुढच्या आठवड्यात.