खर्रा, संगत आणि एक सोयिस्कर समजूत

नववी-दहावीतला मुलगा खर्रा खाताना सापडला, की आर्णीपासून वणीपर्यंत कोणत्याही घरातील पहिली फिर्याद ठरलेली असते: पोरगा संगतीनं बिघडला. या निदानात मुळीच तथ्य नाही असे नव्हे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील ग्रामीण किशोरांची जी पाहणी सेवाग्रामच्या डॉक्टरांनी २००८ साली प्रसिद्ध केली, तीत तंबाखू खाणाऱ्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांनी मित्रांकडेच बोट दाखविले होते. परंतु जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणाच्या भारतातील २०१९ च्या फेरीत, तेरा ते पंधरा वर्षांच्या ज्या विद्यार्थ्यांनी धूरविरहित तंबाखू वापरला होता, त्यांतील ५२ टक्क्यांनी तो वयाची दहा वर्षे पुरी होण्यापूर्वीच तोंडात घातला होता. मग तिसरी-चौथीतल्या पोराला बिघडविणारी ही टोळी कोणती, हे कोणी सांगेल काय? त्या वयात मुलाची संगत म्हणजे आजा, बाप आणि काका. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून खर्रा घोटला जात असता, मुठीत नाणी धरून ताटकळणारे पोर बहुधा वडीलधाऱ्यांच्याच हुकमाची तामिली करीत असते. आजोबांना तंबाखू किती लागतो, हे ठेलेवाल्याला त्याला विचारावेही लागत नाही, आणि परतीच्या वाटेवर पुडीतली चिमूट कमी झाली तर मोजणारा कोणी नसतो. जिची ने-आण आपणच सोपविली ती वस्तू वर्ज्य आहे, हे चार वर्षांनी छडी उगारून शिकविण्यात कसला न्याय?

किरकोळ समजुतींचा निकाल थोडक्यात लागतो. नुसती सुपारी निरुपद्रवी नाही; जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच तिला, तंबाखूविनाही, कर्करोगकारक ठरविले. तंबाखूने दात बळकट होत नाहीत. मुली यापासून अलिप्त नाहीत: उपरोक्त सर्वेक्षणात तंबाखूचे सेवन करणारे मुलगे ९.६ टक्के, तर मुली ७.४ टक्के आढळल्या. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे म्हणून प्रश्न मिटला, असे मानणाऱ्यांनी मधल्या सुटीत शाळेबाहेर एक फेरी मारावी.

राहता राहिला कायदा. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस मनाई असल्याचे पुष्कळांना ठाऊक असते, आणि म्हणून कसूर एकट्या ठेलेवाल्याची, असे ते बिनदिक्कत मानतात. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७७ मात्र मुलाच्या हाती तंबाखू नुसता देणाऱ्यासही सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगते, आणि देणारा परका की सख्खा काका, असा भेद त्यात कोठेही केलेला नाही.