वाटेत भेटलेली माणसं

रेवदंड्याला आमच्या अळीत दूध आणायला निघालं की पाच मिनिटांच्या कामाला अर्धा तास मोडायचा. कुणी ओट्यावर सुपारी सोलत बसलेलं, कुणी पडवीतून "बाई, आज मास्तर दिसले नाहीत?" म्हणून विचारणारं. आता मुलाकडे उलव्यात राहते. लिफ्ट, पार्किंग, गेट, दुकान. चार मिनिटांत पिशवी घरात.

शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे मोजल्याशिवाय चैन पडत नाही. वाटेत किती जणांशी बोलले, तो आकडा रोज कॅलेंडरवर लिहिते. पंधरवड्यातला सर्वांत मोठा आकडा तीन. त्यात वॉचमन दोनदा. (ही लबाडीच.)

असंच मोजमाप शहररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९६०च्या दशकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोत केलं होतं. तीन रस्ते घेतले, सारखेच; फरक रहदारीचा. दिवसाला २,००० गाड्यांच्या रस्त्यावर माणशी सरासरी ३ मित्र निघाले, १६,००० गाड्यांच्या रस्त्यावर ०.९. "तुमचं घर कुठवर?" असंही विचारलं. शांत रस्त्यावरची माणसं अख्खा रस्ता आपला म्हणाली, गजबजलेल्या रस्त्यावरची दारापर्यंतच थांबली. आमच्या अळीत विचारलं असतं तर ओटा कुठे संपतो यावरच भांडण लागलं असतं.

शहरं सरकारही मोजतं: २०१८च्या सरकारी राहणीमान निर्देशांकात १११ शहरांत नवी मुंबई दुसरी आली. पाणी, वीज, वाहतूक, सुरक्षितता असे ७८ निकष. उलवे नवी मुंबई महापालिकेत येत नाही ते सोडा; पण एका आकड्यात अख्खं शहर कोंबलं की गल्ली दिसायची कुठून?

गल्ली बघायला खारकोपरहून लोकलने बेलापूरला गेले. तिथलं आर्टिस्ट व्हिलेज वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात आखलं. सात घरांमध्ये आठ मीटर लांबी-रुंदीचा एक चौक, असे तीन गट मिळून एकवीस घरांना बारा मीटरचा मोठा चौक. भिंती सामायिक नाहीत, म्हणून पुढे बऱ्याच जणांनी घरं वाढवली, काहींनी पाडून नवी बांधली. एका चौकात पापड वाळत होते. राखणीला बसलेल्या आजींनी मला कुठली, कुणाकडची, सगळं विचारून घेतलं. दिवसाचा आकडा तिथेच पाच झाला.

परत आल्यावर एक खुर्ची गेटजवळ बदामाच्या झाडाखाली नेऊन ठेवली. त्या संध्याकाळी सात. आठवा आकडा सेक्रेटरींचा, गाड्या वळायला अडचण होते, खुर्ची आत घ्या म्हणून सांगायला आले होते.