चिल्लईतले रोजे आणि गेलेली वीज

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, हे शेजारपाजारच्या सहवासाने आता सर्वांनाच ठाऊक झाले आहे. काही वर्षांपूर्वी मे-जूनच्या उन्हात रोजे धरावे लागत होते. यंदा, 2026 मध्ये, पहिला रोजा फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आला. आपल्याकडे त्यामुळे रोजा थोडा सोपा झाला. दिवस लहान, तहान बेताची. काश्मीरच्या खोऱ्यात मात्र हाच रमजान हिवाळ्याच्या हद्दीत शिरला आहे आणि पुढची काही वर्षे तो आणखी आत जाणार आहे.

या हिवाळ्याला तिथे नावे आहेत. 21 डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस 'चिल्लई कलान', पुढचे वीस 'चिल्लई खुर्द' आणि शेवटचे दहा 'चिल्लई बच्चा'. कलान म्हणजे थोरला, खुर्द म्हणजे धाकटा. आपल्या गावांच्या नावातला खुर्द तो हाच, फारसीतून आलेला. यंदाच्या रमजानची गाठ चिल्लई बच्चाशी पडली. दोन वर्षांनी तो थोरल्या चिल्लईच्या उंबरठ्यावर असेल, आणि 2030 मध्ये तर जानेवारीच्या आरंभी एक व डिसेंबरच्या अखेरीस दुसरा, असे दोन रमजान थोरल्या चिल्लईतच सुरू होतील. जानेवारी 2021 मध्ये श्रीनगरचा पारा उणे 8.4 अंशांवर गेला होता. अशा रात्री वीज जाणे म्हणजे काय, हे भारनियमन सोसलेल्या आपल्या पिढीलाही नीट कळणार नाही. आपले भारनियमन पंख्याचे होते.

वीज जाते ती दोन कारणांनी. काश्मीरमधील बहुतेक जलविद्युत प्रकल्प वाहत्या पाण्यावर चालतात. 1960 च्या सिंधू जलकराराच्या चौकटीत ते बांधले गेले. कोयनेसारखा महिनोन्महिने पुरणारा साठा त्यांच्या पाठीशी नाही. थंडीत वर बर्फ गोठतो, झेलम आणि चिनाब रोडावतात, निर्मिती घटते, आणि नेमकी तेव्हाच प्रत्येक घराला हीटर हवा असतो. बाहेरून आणलेली वीजही पुरत नाही. झेलमवरील मोहोरा येथे 1905 मध्येच जलविद्युत केंद्र उभे राहिले होते, हे लक्षात घेतले की या टंचाईचे आणखीच नवल वाटते.

दुसरे कारण बर्फाचे वजन. 7 नोव्हेंबर 2019 रोजी हंगामाआधीच मोठा बर्फ पडला. सफरचंदाची झाडे अजून पानांनी भरलेली होती. पानांवर बर्फ साचला, फांद्या मोडल्या, तारा तुटल्या आणि बागांबरोबर खोऱ्याचा मोठा भागही अंधारात गेला. तारा जोडून झाल्या तरी त्रास संपत नाही. वीज येताक्षणी सगळा मोहल्ला हीटर लावतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. मग तो दुरुस्तीला जाणार आणि परत येणार, तेही बर्फाच्या रस्त्याने.

तोवर घर चालते ते कोळशावर. शरदात चिनाराची गळलेली पाने गोळा करून जाळतात, वेळेवर पाणी शिंपडून विझवतात आणि तो कोळसा पोत्यांत भरून ठेवतात. हा कोळसा कांगडीत जातो. कांगडी म्हणजे वेताच्या टोपलीत बसवलेले मातीचे भांडे, चरार-ए-शरीफची नावाजलेली. खाली कोळसा, वर निखारा, त्यावर राखेचा थर. बाजूला 'चालन' नावाची छोटी पळी लटकवलेली असते. ऊब कमी झाली की तिने राख हलवायची. एक भरणी पाच-सहा तास जाते. ही कांगडी फेरनच्या, म्हणजे त्या पायघोळ सैल अंगरख्याच्या आत धरायची. समोवारालाही वीज लागत नाही, त्याच्या पोटातल्या नळीत निखारे असतात. उन्हाळ्यात वाळवलेला दुधी, वांगी, टोमॅटो आणि मासे असतात. रस्ता आणि फ्रिज दोन्ही बंद पडले तरी हंडी शिजते. इफ्तारला दुधात भिजवलेले 'बब्रीब्योल' असते. नाव अनोळखी वाटले तरी वस्तू ओळखीची आहे, आपल्या सब्जासारखेच ते बी.

या जुन्या व्यवस्थेचे कौतुक करताना एक गोष्ट विसरली जाते. कांगड्या भरायच्या, नळ गोठला तर त्याच्याखाली कागद पेटवायचा, सहरीची भांडी बर्फगार पाण्यात घासायची, हे सारे बहुतेक घरांत बाईच करते, आणि तिचाही रोजा असतोच.

मोहल्ल्याची ऊब मशिदीत असते. तिथे हमाम असतो. दगडी फरशीखाली पोकळी असते, तीत लाकडे जळतात. फरशी तापते आणि वुजूसाठी, म्हणजे नमाजपूर्वी हातपाय धुण्यासाठी, गरम पाणीही मिळते. लाकडाचा खर्च वर्गणीतून निघतो. तरावीहच्या नमाजनंतर वृद्ध मंडळी तिथेच रेंगाळतात. भोंगा बंद असला तरी सहरीला जाग येते, कारण ढोल वाजवत गल्ल्यांतून फिरणारा 'सहरखान' अजून आहे. उत्तरेकडील डोंगरी गावांतले कित्येक जण या एका महिन्यासाठी श्रीनगरला येतात.

इतके वाचून वाटेल की वीज नसली तरी निभते. निरोगी माणसाचे निभते. पण कोळसा फुकट ऊब देत नाही. कांगडीच्या सततच्या शेकाने मांड्या-पोटावर होणाऱ्या कर्करोगावर श्रीनगरच्या मिशन इस्पितळातील डॉ. अर्नेस्ट नेव्ह यांनी शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे. बंद खोलीत जळणारा कोळसा किंवा गॅस कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. जानेवारी 2025 मध्ये श्रीनगरात भाड्याच्या घरात एकाच कुटुंबातील पाच जण असे गुदमरून गेले. खिडकीची बोटभर फट उघडी ठेवणे हा थंडीशी विश्वासघात वाटतो, पण ती ठेवावीच लागते.

आणि खरी अडचण याच्याही पुढची आहे. वर्षानुवर्षे चुलीचा आणि कोळशाचा धूर घेतलेली, त्यात तंबाखूची भर घातलेली फुफ्फुसे साठीनंतर थकतात. अशा रुग्णांच्या उशाशी हवेतून प्राणवायू वेगळा करणारे यंत्र, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, घरघरत असते. ते विजेवर चालते. म्हणजे वीज नसते म्हणून कोळसा जाळायचा, कोळशाने श्वास आखडला की विजेचे यंत्र लावायचे, आणि बर्फ पडला की तीच वीज जाते. त्या घरात दिवा गेल्याचे दुःख कुणी करत नाही.

इन्व्हर्टर घ्यावा तर हिशेब असा. पाच लिटरचे यंत्र साधारण तीन-साडेतीनशे वॅट वीज घेते. नेहमीची दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी त्यावर चार-साडेचार तासच निघतात. थंडीत बॅटरीचा दमही कमी होतो, आणि दिवसातून मोजके तास वीज आली तर ती पुरती भरतच नाही. त्यामुळे शेवटी आधार लोखंडी सिलिंडरचाच. मिनिटाला दोन लिटर लागत असतील, तर दीड हजार लिटरचा छोटा सिलिंडर बारा तास जातो आणि सात हजारांचा मोठा अडीच दिवसांच्या आसपास.

अशी यंत्रे आणि सिलिंडर गरजूंना वापरायला देणाऱ्या सेवाभावी संस्था खोऱ्यात आहेत. त्यांचा बराचसा खर्च रमजानमधील दानावर चालतो. यात एक बारकावा आहे. जकात, म्हणजे शिलकीच्या संपत्तीवरील अडीच टक्के, हनफी मतानुसार गरिबाच्या मालकीची व्हावी लागते. यंत्र तर आज या घरी, उद्या त्या घरी फिरते. म्हणून ते ऐच्छिक दानातून घेणे योग्य आणि जकातीचे पैसे रुग्णाच्याच हातात सिलिंडर भरण्यासाठी देणे बरे. देणाऱ्यांचे लक्ष बहुधा इफ्तारच्या खजुरांकडे आणि ईदच्या कपड्यांकडे जाते. सिलिंडरच्या भरणीकडे कमी जाते. ती डोळ्यांना दिसत नाही.

हवामान खात्याने बर्फाचा इशारा दिला की ज्या घरात असा रुग्ण आहे, त्याने इफ्तारच्या खरेदीआधी सिलिंडर भरून आणावा. नळी आणि मापक उजेडीच लावून पाहावे. आणि सिलिंडर उघडायचा पाना दोरीने त्याच्याच मानेला बांधून ठेवावा, म्हणजे सहरीच्या अंधारात तो शोधावा लागत नाही.