क्लाउड है तो चोर भी है!

बँक, तिकीट, पिझ्झा... सगळ्यांची अ‍ॅप्स आता क्लाउडवर. साहजिकच चोरांचा मुक्कामही तिथेच! घ्या सहा झणझणीत किस्से.

लाव्हा रे लाव्हा! माहीत आहे का? वेबसाइट्सची राखण करणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑफिसात भिंतभर लाव्हा लॅम्प आहेत, शंभरेक. शोभेला? छे! आतला रंगीत गोळा पुढच्या क्षणी कुठे जाईल, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. कॅमेरा ते टिपतो आणि त्या गोंधळातून एन्क्रिप्शनसाठी रँडम आकडे मिळतात. ओळखा पाहू, चोरहो!

गर्दीच गर्दी! ऑगस्ट २०२३. गूगल क्लाउडवर हल्ला. वेग? सेकंदाला ३९ कोटी ८० लाख रिक्वेस्ट! दोनच मिनिटांत एवढ्या आल्या, की त्या सप्टेंबरात महिनाभर विकिपीडियाचे लेख जितक्या वेळा उघडले गेले, तो आकडाही मागे पडला. गूगलने मात्र हल्ला परतवला.

दहापैकी दहा! डिसेंबर २०२१ मध्ये माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये एक ओळ टाइप केली, की सर्व्हर खिशात! लॉग४जे हे नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर ती ओळ नुसती लिहून न ठेवता हुकूम समजून पाळायचं. 'लॉग४शेल' नावाच्या या भोकाला धोक्याचे गुण मिळाले १० पैकी १०. पेढे कोणीच वाटले नाहीत.

कुंपणानेच शेत खाल्लं! २०१९. अमेरिकेतली कॅपिटल वन बँक. फायरवॉल होती, पण सेटिंग चुकलेलं. हल्लेखोराने तिलाच बोलबच्चन देऊन क्लाउडच्या आतल्या चाव्या मागवल्या! दहा कोटींहून जास्त लोकांची माहिती गेली आणि बँकेला दंड बसला ८ कोटी डॉलर.

हॅकर नाही, तरी हाहाकार! त्याच वर्षी, २ जुलैला, क्लाउडफ्लेअरने फायरवॉलचा एक नवा नियम लावला. त्यानुसार रिक्वेस्ट तपासता तपासता जगभरच्या त्यांच्या सर्व्हरचे प्रोसेसर १०० टक्क्यांवर! असंख्य साइट्स सुमारे अर्धा तास आडव्या. रखवालदारच दारात अडकला, बोला!

चोरी न करता करोडपती! माहीत आहे का? अर्जेंटिनाचा सँटियागो लोपेझ इंटरनेटवरच हॅकिंग शिकला. कंपन्यांच्या सिस्टीममधली भोकं, म्हणजे बग, शोधायची, इमानदारीत कळवायची आणि बक्षीस घ्यायचं! २०१९ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, अशी बक्षिसं मिळवून देणाऱ्या हॅकरवन या साइटवर दहा लाख डॉलर कमावणारा तो पहिला ठरला.

तेव्हा घरातलं कार्टं रात्रभर लॅपटॉपला चिकटलेलं दिसलं, तर लगेच ओरडू नका. आधी विचारा, "बग सापडला का रे?"